माडग्याचं माप

माझ्या वडिलांनी आयुष्यभर माझ्या आईच्या स्वयंपाकात खोडी काढल्या, आणि ती गेल्यावर तिच्या हातचं माडगं मिळत नाही म्हणून जेवणच सोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा त्यांच्यावर राग होता आणि पुढं जे झालं ते त्या रागानंच झालं.

माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज. हुलगे खरपूस भाजायचे, दळायचे, पीठ पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याच्या फोडणीत शिजवायचं. मीठ आणि गुळाचा खडा घालायचा आणि गरम गरम प्यायचं. आमच्या कळंबच्या घरी मेंढरं होती तेव्हापासून सकाळचं खाणं हेच. मेंढरं गेली, वाट्याला आलेल्या जमिनीत मका आणि ऊस आला, चुलीजागी गॅस आला, पण माडगं राहिलं. आई रोज पातेलं उतरवायची, पळीभर माडगं वाटीत घेऊन आबांपुढं धरायची आणि म्हणायची, "आवो, बघा बरं, कसं झालंय?"

आबा फुंकर मारून घोट घ्यायचे. तोंडातल्या तोंडात घोळवायचे. आणि मग निकाल द्यायचे. मीठ कमी हाय. गूळ लई झाला. पातळ केलंस. आज हुलगं करपलं व्हय गं? आई उठायची, पातेल्यात काहीतरी घालायची, पुन्हा वाटी आणायची. पुन्हा निकाल. कधी कधी तीन-तीन वेळा. दप्तर पाठीला लावून मी दारात उभी असायचे आणि माझा जीव नुसता जळायचा. वाटायचं, ह्या बाईनं एक दिवस ती वाटी ह्यांच्या डोक्यावर उपडी करावी. आई स्वतः माडगं प्यायची नाही. "मला पित्त होतंय," म्हणायची. स्वतः न पिता रोज ह्या माणसाची परीक्षा द्यायची, याचा मला फार संताप यायचा.

आई, म्हणजे भागूबाई, गेल्या जूनमध्ये गेली. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं.

आमच्यात दहाव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं एखादी खायची वस्तू सोडतात. सोडली की सोडली, मरेपर्यंत जिभेला लावायची नाही. नीरेच्या काठावर माझा भाऊ नागेश पुढं झाला आणि त्यानं कारलं सोडलं. कारलं त्यानं जन्मात खाल्लेलं नाही. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी माडगं सोडलं. आईच्या हातचं नसेल तर दुसऱ्या कुणाचंच नको, असं त्या क्षणी वाटलं. प्रयागआत्या, आबांची थोरली बहीण, माझ्याकडं एकटक बघत राहिली. आबा पाण्याकडं बघत बसले होते. त्यांनी काहीच सोडलं नाही, असं आम्हाला वाटलं.

महिन्याभरात नागेशचा फोन आला. "ताई, आबा खाईनात. भाकरीचा चतकोर मोडत्यात आन् ताट सारत्यात."

मी त्यांना जळोचीला माझ्या घरी आणलं. बारामतीत डॉक्टरांना दाखवलं. रक्त, लघवी, फोटो, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, "यांना आजार काही नाही. खात नाहीत, हाच आजार आहे. असंच चाललं तर मात्र अवघड आहे." वजन सत्तेचाळीस भरलं. आई होती तेव्हा पंचावन्न होतं.

"आबा, काय खाणार? तुमी नुसतं नाव घ्या," मी विचारलं.

ते म्हणाले, "माडगं."

मी केलं. मला चाखता येत नव्हतं, म्हणून नववीतल्या राजनंदिनीला, माझ्या मुलीला, चाखायला लावलं. ती म्हणाली, "मम्मी, भारी झालंय." वाटी आबांपुढं ठेवली. त्यांनी दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मी मनात म्हटलं, सुरू झाल्या खोड्या. बायको गेली तरी माणूस बदलला नाही.

पण बाप होता. डोळ्यांदेखत वाळत चालला होता. म्हणून मी आईच्या हाताची चव शोधायला निघाले.

हल्ली आमच्याकडं खाण्याच्या महोत्सवांचं पीक आलंय. आधी ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव झाला. मंडपात टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि त्यांवर तांदुळजा, पाथरी, कुरडू, घोळ अशा जुड्या मांडलेल्या. प्रत्येकीपुढं नावाची पाटी आणि औषधी गुण. आबा काठी टेकत एकेका पाटीपुढं थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे तर आमची मेंढरं खायाची." टेबलामागच्या बायका हसल्या. एका कोपऱ्यात एक बाई माडगं देत होती. मी ग्लास घेतला. मला काही त्याची चव कळणार नव्हती, म्हणून तसाच आबांच्या हातात दिला आणि विचारलं, "आबा, बघा बरं, कसं झालंय?"

त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. "हुलगं कच्चं ऱ्हायलंय."

त्या बाईचं तोंड उतरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, मनावर घेऊ नका," म्हणून मी त्यांना ओढतच बाहेर आणलं. पण त्या दिवशी त्यांनी अर्धा ग्लास संपवला होता, आणि दुपारी घरी येऊन सबंध भाकरी खाल्ली. मी म्हटलं, मोकळ्या हवेनं भूक लागली असेल.

डिसेंबरात निमगाव केतकीजवळ हुरडा महोत्सव होता. बैलगाडीची चाकं रंगवून झाडांना टेकवलेली, खाटा टाकलेल्या, भोंग्यावर लावण्या. पुण्याहून आलेली माणसं कणसाबरोबर फोटो काढत होती. भट्टीजवळ बसून आबांनी हुरड्याचे चार दाणे चघळले आणि माडगं कुठं मिळतंय ते तेच शोधू लागले. मिळालं. मी ग्लास त्यांच्या हातात दिला. "कसं झालंय, आबा?"

"गूळ लई."

वाढणारीनं वर पाणी घालून दिलं. "आता लसूण कमी पडला," आबा म्हणाले. ती बिचारी हसत होती, पण मी दातओठ खात उभी होते. एवढी पदरमोड करून, दोन एस्ट्या बदलून ह्या माणसाला आणायचं आणि ह्यानं परक्या बायांच्या कष्टाला नावं ठेवायची! येताना एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आबा मात्र खिडकीतून ऊसतोडीच्या गाड्या बघत होते. अंथुर्णे गेल्यावर म्हणाले, "आता पुढचं कवा हाय?"

"काय कवा?"

"हेच. खायाचं प्रदर्शन."

जानेवारीत बारामतीला बचत गटांचा मोठा महोत्सव भरला. शंभरेक स्टॉल, कमानीवर पुढाऱ्यांचे हसरे फोटो आणि निवेदकाची अखंड बडबड. 'पारंपरिक' अशी पाटी लावून थर्माकोलच्या वाटीत मंचुरियन विकायचं चाललं होतं. आम्ही माडग्याचे चार स्टॉल पालथे घातले. चारही ठिकाणी मी विचारलं आणि चारही ठिकाणी आबांनी खोट काढली. तरी त्या दिवशी वजनकाट्याच्या स्टॉलवर उभे राहिले तेव्हा अठ्ठेचाळीस भरले. एक किलो वाढलं होतं. मी त्याचं श्रेय डॉक्टरांच्या टॉनिकला दिलं.

फेब्रुवारीत इंदापूरला महोत्सव होता. तिथं भामाबाई भेटल्या. साठी उलटलेल्या, नऊवारीतल्या, हातावर गोंदलेल्या. स्टॉलपुढं कुणी फिरकत नव्हतं. बाकी सगळीकडं चुलीवरच्या मटणाला रांगा आणि ह्या एकट्या पातेल्याशी बसलेल्या. मी ग्लास घेतला, आबांच्या हातात दिला, नेहमीसारखं विचारलं.

आबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "मीठ घातलंच न्हाय."

"अगं बाई!" भामाबाईंनी जीभ चावली. "माझ्या ध्यानातच न्हाय बघा. तरीच दोघं-तिघं ठिवून गेली." त्यांनी मीठ घातलं, ढवळलं आणि पदरानं ग्लास पुसून नवा घोट दिला. "आता बघा बरं, दादा."

"आता जरा जास्त झालं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण भामाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी वर गरम पाणी ओतलं, बोटभर गूळ घातला आणि तिसऱ्यांदा ग्लास पुढं केला. "आन् आता?"

आबांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग तो सबंध ग्लास प्याले आणि दुसरा मागितला. दुसरा पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मिशीत जिरत होतं.

"आता बरोबर," ते म्हणाले. "भागूचंच."

मी तिथंच रडायला लागले. सापडली होती. सहा महिन्यांची वणवण कामी आली होती. मी भामाबाईंचे हात धरले, त्यांच्याकडून पाच किलो पीठ घेतलं आणि वहीच्या पानावर सगळं लिहून घेतलं. किती पाण्याला किती पीठ, लसणाच्या पाकळ्या किती, गूळ केवढा. मीठ त्या चिमटीनं घालत होत्या. मी शेजारच्या चहावाल्याचा चमचा आणून त्यांच्या सगळ्या चिमटी त्यात मोजून घेतल्या. सव्वा चमचा. वर किती पाणी ओतलं तेही लिहिलं. भामाबाई हसून म्हणाल्या, "लेकी, एवढं मापानं काय करायचंय? चाखायचं आन् घालायचं." मी म्हटलं, "मला चाखता येत न्हाय, मावशी. सोडलंय." तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी माप घेऊन माडगं केलं. आणि खरं सांगते, त्यात नुसती माया नव्हती, जिद्दही होती. आता खोड काढायला जागाच ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं. आईला जन्मभर जे जमलं नाही ते मी करून दाखवणार होते. आबांपुढं वाटी नाही, सरळ मोठा पेला भरून ठेवला. "प्या आबा. इंदापूरचंच माप हाय. मीठसुद्धा चमच्यानं मोजलंय. काय बघायची गरज न्हाय."

त्यांनी पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी एकच घोट घेतला. पाचव्या दिवशी तोंडच लावलं नाही. माझं डोकं सणकलं.

"आता काय कमी हाय ह्याच्यात? सांगा तरी!"

"कायबी कमी न्हाय," आबा म्हणाले. "बरोबर हाय."

"बरोबर हाय तर प्या की!"

"बरोबर हाय, पोरी. बरोबर हाय," असं म्हणत ते भिंतीकडं वळले.

मी नको नको ते बोलले. म्हणाले, आईला जन्मभर छळलंत, आता मला छळताय. म्हणाले, तुम्हाला खायचंच नाही, तुम्हाला फक्त नावं ठेवायला माणूस लागतो. राजनंदिनी दारात उभी राहून ऐकत होती, अगदी मी जशी दप्तर घेऊन उभी राहायचे तशी. दोन दिवसांनी आबांनी चाचरत विचारलं, "आता प्रदर्शन न्हाय का कुठं?" मी म्हटलं, "आता कशाला? सापडलंय की." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वजन बेचाळीस भरलं. दवाखान्यात सलाईन लावलं, नळी घालू म्हणाले. आबांनी हात जोडले आणि "घरी न्या, कळंबला न्या" एवढंच म्हणत राहिले. नागेशनं आणि मी त्यांना कळंबला नेलं. तिथं आईच्या फोटोखाली खाट टाकली. चौथ्या दिवशी दुपारी, बाहेर उसाचा ट्रॅक्टर जात असताना, ते गेले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी प्रयागआत्या माझ्याजवळ येऊन बसली. मी निवद म्हणून न्यायच्या माडग्यासाठी हुलगे भाजत होते. भाजता भाजता मी तिला सगळं सांगितलं. महोत्सव, भामाबाई, सव्वा चमचा मीठ. सांगताना माझा राग अजून गेला नव्हता. "बरोबर हाय म्हणत्यात आन् पीत न्हाईत, आत्या. असा माणूस मी बघितला न्हाय."

आत्यानं माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि गॅस बंद केला.

"तुज्या आयनं माडगं कधी चाखलेलं बघितलंस का?"

"तिला पित्त व्हायचं."

"पित्त न्हाय गं, काय न्हाय. तुज्या अगुदर एक पोरगा झाला व्हता. माऊली. आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरलो व्हतो. दोन वरसाचा व्हता. माडग्याशिवाय दुसरं काय खायचा न्हाय. तापानं गेला. भागूनं तितंच, त्या परक्या मुलखात, त्याच्या नावानं माडगं सोडलं. तू तुज्या आयच्या दहाव्याला सोडलंस तवा माज्या अंगावर काटा आला. ह्या घरच्या दोघी बायकांनी एकच वस्तू सोडली."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"मग सांग, जी कधी चाखायची न्हाय तिला मीठ कसं कळायचं? म्हनून गेणूला, तुज्या आबाला, विचारायची. तिची जीभ तोच व्हता. पन्नास वरसं रोज सकाळी. आन् ह्यो बाबा मुद्दामहून चुका काढायचा. बरोबर असलं तरी काढायचा. मी एकदा म्हनलं, का रे छळतूयास तिला? तर म्हनला, आक्का, बरोबर हाय म्हनलं की ती उठून कामाला जाती. खोट काढली की परत येती, परत बसती, परत इचारती. माऊली गेल्यापासनं ती माज्याशी दुसरं कायच बोलत न्हाय, म्हनला. तेवढंच बोलती."

हुलगे कढईत थंड होत होते. मला आठवले ते सगळे मंडप, मी पुढं केलेले ते सगळे ग्लास, आणि ज्या ज्या दिवशी मी विचारलं त्या दिवशी खाल्लेली भाकरी. चव त्यांना कुठंच सापडलेली नव्हती. मी विचारत होते, म्हणून ते खात होते. आणि ज्या दिवशी मी म्हणाले की काही बघायची गरज नाही, त्या दिवसापासून ते उपाशी होते. माझ्या बापाला मी मारलं, असं मी आत्याला म्हणाले. ती म्हणाली, "असं बोलू नगंस." पण 'तू न्हाय मारलंस' असं ती म्हणाली नाही.

सकाळी मी माडगं केलं. वही आणली नव्हती, माप आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी मी ते वापरलं नसतं. हातानं मीठ घातलं. मग हात थांबला. घातलं ते कमी वाटलं, म्हणून अजून घातलं असावं. नागेश म्हणाला, "ताई, चल, ब्राह्मण आलाय, ऊन व्हायच्या आत उरकायचंय." मला चाखता येत नव्हतं. राजनंदिनीला बोलवावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठवलं की निवदाचं आधी कुणी चाखायचं नसतं.

घाटावर द्रोणात माडगं ओतलं. वाफ निघत होती. बायका मागं उभ्या होत्या, पुरुष पुढं होते, आणि मी द्रोण हातात धरून उगाच थांबले होते. नागेश म्हणाला, "ठिव की." मी ठेवला. आता काय सोडणार, असं कुणीतरी मला विचारलं. मी पाण्याकडं बघत राहिले.

त्या दिवशी मीठ कमी झालं होतं की जास्त, ते मला अजून माहीत नाही.